चौपन्नात एक

माझ्या नोंदवहीत एक पान आहे. त्यावर लाल पेनने ५४ लिहिलंय आणि भोवती दोनदा गोल केलाय. पोकेमॉन कार्डांच्या एका सेटचे सहा बूस्टर बॉक्स, म्हणजे कार्डांच्या बंद पाकिटांची (पॅकची) खोकी, मी फोडले होते. बॉक्सला ३६ पॅक, म्हणजे एकूण २१६. त्यात तीन सोनेरी ताऱ्यांची, म्हणजे हायपर रेअर, चार कार्डं निघाली. २१६ भागिले ४. चौपन्नात एक. पुढे कित्येक महिने जो विचारेल त्याला मी हाच पुल रेट, म्हणजे किती पॅकमागे ते कार्ड निघतं तो दर, सांगत होते, आणि तोही छातीठोकपणे.

माझ्या धाकट्या भावाने त्या भरवशावर तीन बॉक्स घेतले. १०८ पॅक, म्हणजे दोन तरी नक्की, असं आम्ही दोघांनीही धरलं होतं. एका रात्रीत सगळे फोडले. शेवटचा पॅक त्याने अगदी हळू उघडला. या सेटमध्ये हायपर रेअर पॅकमधल्या दुसऱ्या रिव्हर्स होलोच्या (चित्राबाहेरचा भाग चमकणाऱ्या कार्डाच्या) जागेवर येतं, म्हणून तेवढं एक कार्ड त्याने दिव्याखाली तिरकं धरलं. साधं रिव्हर्स होलो होतं, खालच्या कोपऱ्यात कॉमनचा, म्हणजे सगळ्यात साध्या कार्डाचा, काळा ठिपका. १०८ पॅकमध्ये एकही नाही. "ताई, तुझा आकडा चुकला की माझं नशीब?" त्याने विचारलं. त्या रात्री मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर मी बरंच शिकले, म्हणून आता देते.

आधी नशिबाचं बघू. समजा माझा आकडा अगदी बरोबर होता. मग एका पॅकमध्ये ते कार्ड न निघण्याची शक्यता ५४ पैकी ५३. हा अपूर्णांक स्वतःशीच १०८ वेळा गुणला की उरतं ०.१३. म्हणजे माझ्या भावासारखे शंभर जण बसले तर त्यातले तेरा जण तीन बॉक्स फोडून रिकाम्या हाताने उठणार. नेमके ५४ पॅक घेतले तर ३६ टक्के लोकांना काहीच मिळत नाही. निम्मी शक्यता सुमारे ३७ पॅकवर येते, पण ९५ टक्के खात्री हवी असेल तर सुमारे १६० पॅक लागतात. "चौपन्नात एक" याचा अर्थ दर चौपन्नाला एक, असा कधीच नसतो. मला हे शब्दांत माहीत होतं, पण तो गुणाकार मी कधी करून बघितला नव्हता.

पण खरी चूक नशिबाची नव्हती, आकड्याचीच होती. किंवा आकडा मी ज्या थाटात सांगत होते त्या थाटाची. २१६ पॅक ऐकायला भरपूर वाटतात. पण अंदाजाचं वजन किती पॅक फोडले यावर नसतं, किती कार्डं निघाली यावर असतं, आणि माझ्याकडे ती फक्त चार होती. चार हिट (म्हणजे हवं ते कार्ड निघणं) दिसल्या तेव्हा त्यांच्यामागची, २१६ पॅकची, खरी सरासरी साधारण १.१ ते १०.२ यांच्यात कुठेही असू शकते. ९५ टक्क्यांच्या खात्रीने एवढंच म्हणता येतं. पुल रेटच्या भाषेत सांगायचं तर २१ पॅकमागे एक ते १९८ पॅकमागे एक. एवढ्या रुंद पट्ट्यातला एक आकडा उचलून मी त्याला लाल गोल केला होता.

आता भावाचं शून्य घ्या. शून्य निघालं तर त्यातून काहीच कळत नाही असं वाटतं, पण तसं नाही. संख्याशास्त्रात तिनाचा एक सुटसुटीत नियम आहे. न प्रयत्नांत एकही हिट नसेल तर खरा दर ९५ टक्के खात्रीने तीन भागिले न याच्या आत असतो, म्हणजे ३/न पेक्षा कमी. इथे ३/१०८, म्हणजे ३६ पॅकमागे एक. त्याचे तीन बॉक्स इतकंच सांगत होते, की या कार्डाचा दर छत्तीसात एकपेक्षा सढळ बहुधा नाही. माझा पट्टा २१ ते १९८, त्याचं म्हणणं ३६ च्या पलीकडे. दोघांत भांडण कुठेच नाही. दोन्ही ढीग एकत्र केले तर ३२४ पॅकमध्ये चार, म्हणजे एक्याऐंशीत एक.

आणि एक गोष्ट मी स्वतःपासूनच लपवली होती. मी सहा बॉक्सवर का थांबले? तर चौथं हायपर रेअर निघालं की थांबायचं असं मी ठरवलं होतं, आणि ते सहाव्या बॉक्सच्या शेवटच्या पॅकमध्ये निघालं. हिट आली की थांबणाऱ्याचा हिशेब नेहमी दर फुगवून दाखवतो, कारण शेवटचा पॅक हा हमखास यशाचा असतो. अशा वेळी हिटमधून एक वजा करायची आणि पॅकमधूनही एक. ३ भागिले २१५, म्हणजे सुमारे बहात्तरात एक. चौपन्न आणि बहात्तर यांत फरक केवढा! आणि समजा पहिल्याच हिटवर थांबले असते तर? वर शून्य उरतं. "मला दहाव्या पॅकमध्येच मिळालं" या वाक्यातून दराबद्दल जवळजवळ काहीच का कळत नाही, ते मला इथे समजलं. पॅक फोडतानाच्या व्हिडिओंचंही तेच. ज्याला मिळालं तो दाखवतो, ज्याला नाही मिळालं तो रिकामे कागद गोळा करून टाकून देतो.

सुटे पॅक मी तर आता हिशेबात धरतच नाही. उघडलेल्या बॉक्समधून उरलेले पॅक आले असतील तर त्या बॉक्सची मोठी हिट आधीच निघून गेलेली असू शकते. जुन्या काळात लोक पॅक वजन करून होलो, म्हणजे चमकतं कार्ड, असलेले वेगळे काढायचे, कारण ते किंचित जड भरायचे. सीलबंद बॉक्सही पूर्ण निर्दोष नाही. कार्डं छापील शीटवरून कापून ठराविक क्रमाने पॅकमध्ये जातात, त्यामुळे एका बॉक्समधले ३६ पॅक हे ३६ स्वतंत्र नाणेफेकी नसतात. मधल्या रेअरिटीची, म्हणजे मध्यम दुर्मीळ, कार्डं तर बॉक्सगणिक जवळजवळ सारख्या संख्येने निघतात. म्हणून एकाच ठिकाणचे सहा बॉक्स घेण्यापेक्षा सहा वेगळ्या ठिकाणांहून एकेक नोंद मिळाली तर मला ती जास्त मोलाची वाटते.

शीटवरून आठवलं. मॅजिक द गॅदरिंग या कार्डांच्या दुसऱ्या खेळात २००८ साली, शार्ड्स ऑफ अलारा या सेटपासून, मिथिक रेअर, म्हणजे रेअरहूनही दुर्मीळ कार्डं, आली. त्या सेटमध्ये ५३ रेअर आणि १५ मिथिक होती. प्रत्येक रेअर दोनदा आणि प्रत्येक मिथिक एकदा धरा: १०६ अधिक १५, बरोबर १२१. आणि १२१ म्हणजे अकरा गुणिले अकरा, मॅजिकची जुनी शीट! १२१ पैकी १५ म्हणजे, पॅकला रेअरची एक जागा धरून, साधारण आठ पॅकमागे एक मिथिक. पुढे झेंडिकार रायझिंगमध्ये ६४ रेअर आणि २० मिथिक झाली, तोच दोनास एकचा हिशेब केला की १४८ पैकी २०, म्हणजे ७.४ पॅकमागे एक. एकही पॅक न फोडता, फक्त यादी मोजून दर हाती येतो. हे पहिल्यांदा जुळलं तेव्हा मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या होत्या.

खेळाडूंच्या कार्डांत आणखी एक वाट असते. तिथे पॅकवर शक्यता छापलेली असते आणि काही कार्डांवर अनुक्रमांकही असतो, जसं ५० पैकी १७. समजा वीस खेळाडूंची अशी कार्डं आहेत, प्रत्येकाच्या ५० प्रती, आणि पॅकवर ४८० मागे एक लिहिलंय. प्रती झाल्या हजार, म्हणजे पॅक छापले सुमारे ४,८०,००० आणि इथून उलटं चालत साध्या कार्डांच्या प्रतींचाही अंदाज बांधता येतो.

मात्र पॅकमधून निघण्याचा दर आणि दुर्मीळपणा या दोन गोष्टी एक मानू नका. टॉप्स या अमेरिकन कार्ड कंपनीच्या १९५२ च्या सेटमधलं मिकी मँटल या बेसबॉलपटूचं कार्ड शीटवर दोनदा छापलेलं होतं, म्हणजे शेजारच्या कार्डांपेक्षा ते जास्त निघायचं. तरीही आज लोक त्याच्यामागे धावतात. न खपलेला माल १९६० मध्ये अटलांटिक समुद्रात बुडवल्याचं टॉप्सच्या साय बर्गर यांनी स्वतः सांगितलं आहे. कार्ड किती निघालं हा एक प्रश्न, किती उरलं हा दुसरा, आणि किती जणांना हवंय हा तिसराच. ग्रेडिंगच्या, म्हणजे कार्डाची अवस्था तपासून दर्जा देण्याच्या, आकड्यांवरूनही छपाई मोजू नये, कारण ग्रेडिंगला तीच कार्डं जातात जी पाठवण्याजोगी वाटतात.

भावाला हवं असलेलं कार्ड तर त्या सेटमधल्या सहा हायपर रेअरपैकी एक ठरावीक होतं. मी रेअरिटीचा दर सांगितला आणि त्याने तो कार्डाचा दर समजला. मी तेव्हाच सहाने गुणायला हवं होतं. हे मला सगळ्यात जास्त लागतं.

आमच्याकडे आता १,२९६ पॅकची नोंद आहे, सगळे सीलबंद बॉक्समधले. तीन सोनेरी तारे १७. शहात्तरात एक, आणि पट्टा ४८ ते १३१. त्यातलं ठरावीक एक कार्ड हवं असेल तर ४५६ पॅकमागे एक. सहाही जमवायची असतील तर सरासरी ११०० च्या वर पॅक. पट्टा दोन्ही बाजूंना २० टक्क्यांपर्यंत आवळायला शंभर हिट लागतील, म्हणजे सुमारे २१२ बॉक्स, आणि तेवढे आम्ही काही फोडणार नाही.

लाल गोलावर मी काट मारली नाही. त्याखाली १७/१२९६ असं भागाकार न करता लिहिलंय. आमच्या नोंदीतली एक ओळ भावाच्या अक्षरात आहे: तीन बॉक्स, १०८ पॅक, शून्य.