फुल तिकीट, हाफ तिकीट

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची सहल भांडणाशिवाय ठरत नाही. यंदा धाराशिव जिल्ह्यातलं तेर ठरलं आणि पहिला वाद निघाला एसटीचा. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना 2022 पासून एसटी फुकट, पासष्टच्या पुढं अर्धं तिकीट, बायकांनाही 2023 पासून अर्धं. हिशेब मांडला तर पूर्ण तिकीट एकट्या खजिनदारांना पडत होतं. ते बिचारे त्रेसष्टचे. "मग एसटीनंच जाऊत," सगळे एका सुरात. पण एसटी वाटेत म्हणाल तिथं थांबत नाही, आणि आमच्या वयात सहलीचा मार्ग देवळांवरून नाही, मुताऱ्यांवरून ठरतो. हे कुणी मोठ्यानं बोललं नाही. खाजगी बस मात्र एकमतानं ठरली. वर्गणी सगळ्यांना सारखी. खजिनदार त्या दिवशी फार खुशीत होते.

सातला निघायचं म्हणजे साडेसहाला सगळे हजर, उशीर काय तो गाडीलाच. पुढच्या सीटचा मान गुडघ्यावर ठरतो. एक गुडघा बदललेल्यापेक्षा दोन्ही बदललेला वरचढ. लातूर सुटून मुरूड यायच्या आत धपाट्यांचे डबे उघडले, लसणाच्या चटणीचा वास ड्रायव्हरपर्यंत गेला.

"अण्णा, शुगरची गोळी घेतलाव का?"

"घेतली की."

"मग घ्या अजून एक धपाटं."

ढोकी आली तसे आमचे गुरुजी उठून उभे राहिले. निवृत्त झाले तरी तास घ्यायची खोड गेलेली नाही. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचं नाव आहे. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांची वाट, आणि इथलं कापड गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला जायचं. "दहा दिवस?" मागून नाना म्हणाले, "थांबत थांबत गेले असतील." बस हसून हसून हलली. गुरुजी बसले.

लामतुरे संग्रहालयात मात्र गुरुजींचं काही चाललं नाही. रामलिंगप्पा लामतुरे हे तेरचेच. गावात सापडलेलं किडूकमिडूक त्यांनी हौसेनं जपलं, त्यातूनच हे संग्रहालय उभं राहिलं. मणी, शंखाच्या बांगड्या, मातीची भांडी. तेरला सापडलेली हस्तिदंताची बाई तर पार इटलीतल्या पाँपेईत मिळालेल्या तशाच मूर्तीची जोडीदारीण म्हणतात. गुरुजी रोमच्या व्यापाराकडं वळत होते, तेवढ्यात एका काकूंनी चष्मा पुसून तिचे दागिने न्याहाळले. "एवढं अंगावर घालून ही धुणं कवा करायची?" पुढं पंधरा मिनिटं बायकांत कामवालीच्या पगारावर चर्चा. मला विचाराल तर सातवाहन काळावरचं इतकं जिवंत भाष्य मी दुसरीकडं ऐकलेलं नाही.

त्रिविक्रमाच्या देवळाची पाठ हत्तीच्या पाठीसारखी गोल, सगळं काम विटांचं. मुळात हे बौद्ध चैत्यगृह. बहुतेकांनी ते पाराच्या सावलीत बसून, लांबूनच पाहिलं.

गोरोबाकाकांच्या, म्हणजे संत गोरा कुंभारांच्या देवळात मात्र काठ्या टेकत सगळे आत गेले. थापटण्याची गोष्ट कुणाला ठाऊक नाही? मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून काकांनी जमलेल्या संतांच्या डोक्यांवर मडकी ठोकायचं थापटणं मारून पाहिलं, आणि नामदेव तेवढे कच्चं मडकं निघाले. बाहेर आल्यावर नानांनी काठीची मूठ उलटी धरली आणि अध्यक्षांच्या टकलावर हलकेच टकटक केली. "पक्कं हाय, पण आत कायबी नाही." मग रांगच लागली. दोन्ही गुडघे बदललेल्या काकूसुद्धा पदर सावरून डोकं पुढं करून उभ्या. खजिनदारांची पाळी आली तेव्हा निकाल आधीच ठरलेला होता. त्रेसष्टचं पोरगं, कच्चंच निघणार.

"कच्च्या मडक्याला मग कुठं धाडलं?" त्यांनी तोंड पाडून विचारलं.

"औंढ्याला. विसोबा खेचरांना गुरू करायला," गुरुजी म्हणाले.

परतीच्या वाटेवर औंढा नागनाथाची तारीख निघाली. हिंगोली जिल्हा, म्हणजे पल्ला लांबचा, थांबे जास्त. आणि या वेळी एसटीनं जायचं की खाजगी, यावर मुरूडपर्यंत भांडण.