फिटची गोळी बदलली त्याचा माझा अनुभव

मला जेएमई आहे, म्हणजे जुवेनाईल मायोक्लोनिक एपिलेप्सी, अपस्माराचा (फिट येण्याच्या आजाराचा) एक प्रकार. शाळा-कॉलेजच्या वयात सुरू होते, सकाळी उठल्या उठल्या हाताला झटके येतात आणि झोप झाली नसेल तर मोठी फिट पण येते. माझे झटके घरात कोणाला कळलेच नव्हते, ब्रश हातातून उडून बेसिनमध्ये पडायचा, चहा सांडायचा आणि आई म्हणायची वेंधळी कुठली! बारावीला रात्र जागून अभ्यास केला आणि सकाळी बाथरूमच्या दारातच आडवी झाले. शेजारच्या काकूंनी कांदा हुंगवला म्हणे. नंतर न्यूरॉलॉजिस्टनी आईला पहिलंच विचारलं, सकाळी हिच्या हातून वस्तू पडतात का? आई गप्पच.

तेव्हा सोडियम व्हॅल्प्रोएट सुरू झालं आणि खरं सांगायचं तर गोळीने काम चोख केलं. फिट बंद, झटके बंद. वजन वाढलं, केस गळाले, पण फिट नाही म्हटल्यावर कोण तक्रार करतंय.

लग्न ठरताना आम्ही सगळं आधीच सांगितलं होतं. (१९९९ पर्यंत हिंदू विवाह कायद्यातच लग्नाच्या अटींमध्ये अपस्मार होता, मग काढला, पण लोकांच्या डोक्यातून अजून निघालेला नाही.) नवरा सोबत आला अपॉइंटमेंटला आणि तिथे डॉक्टर म्हणाले, मूल हवंय ना, मग आधी गोळी बदलू. गरोदरपणात व्हॅल्प्रोएट चालू असेल तर १०० तली साधारण १० बाळं जन्मतःच व्यंग घेऊन येतात, आणि ३० ते ४० मुलांना पुढे बोलण्यात, शिकण्यात अडचणी येऊ शकतात. बाळाच्या मणक्याचा भाग पहिल्या चार आठवड्यांतच तयार होतो, तोवर बाईला दिवस गेलेत हेही धड कळलेलं नसतं, म्हणून हे सगळं आधी करायचं. मी म्हटलं मग आजपासून बंदच करते, तर ते जवळजवळ ओरडलेच. एकदम बंद केली तर फिट थांबतच नाही अशी वेळ येते आणि जिवावर बेतू शकतं.

तर नवीन गोळी लेव्हेटिरासेटाम, सकाळ-संध्याकाळ. आधी ती थोडी थोडी वाढवायची आणि मग जुनी टप्प्याटप्प्याने उतरवायची, मधले काही महिने दोन्ही चालू. (माझं बघून कोणी स्वतःच्या गोळ्यांना हात लावू नका, माझा फिटचा प्रकार वेगळा, तुमचा वेगळा.)

फिटपेक्षा मला जड गेली ती चिडचिड. या गोळीने काहींना होते असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण इतकी? एकदा कुकरची शिट्टी का मोजली नाहीस यावरून मी नवऱ्याला इतकं बोलले की भात खाली लागला तरी माझं चालूच, आणि मग ओट्याशी उभी राहून रडले, कशासाठी ते मलाच माहीत नाही. त्याने न भांडता सरळ डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी बी६ जीवनसत्त्वाची गोळी दिली, डोस वाढवायचा वेग कमी केला आणि म्हणाले नकोसे विचार आले तर रात्री-अपरात्री पण फोन करा. हळूहळू निवळलं. बी६ ने की सवयीने, कोण जाणे.

जुनी गोळी अगदी शेवटच्या टप्प्यावर आली तेव्हा सकाळचे झटके परत दिसले, चमचा उडाला पोह्यांसकट. नवीन गोळीचा डोस वाढवला, थांबले. त्या काळात स्कूटर बंद, सकाळी गॅसपाशी नवरा, बाथरूमची कडी लावायची नाही. कोजागिरीला सगळे गच्चीवर आणि मी दूध पिऊन दहाला झोपायला. हरतालिकेला मला वाटलं सासूबाई निर्जळीचं काढतील, तर त्याच पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, म्हणाल्या गोळीला कसला गं उपवास.

मेडिकलवाल्याचं एक सांगते. "तेच आहे ताई, फक्त कंपनी वेगळी" म्हणून तो दर वेळी दुसरीच स्ट्रिप काढतो. मी डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले तुमचं नीट बसलंय तर शक्यतो ब्रँड बदलू नका. म्हणून आता स्ट्रिप संपायच्या आठवडाभर आधीच सांगून ठेवते, त्याला मागवायला वेळ मिळतो.

सध्या एकटं लेव्हेटिरासेटाम आणि फॉलिक ॲसिड ५ मिलीग्रॅम. फिट नाही. गरोदरपणात या गोळीचं रक्तातलं प्रमाण घटतं, त्यामुळे टेस्ट पॉझिटिव्ह आली की आधी न्यूरोच्या डॉक्टरांना फोन करायचा, मग माहेरी, असं त्यांनी हसत हसत सांगून ठेवलंय. आई त्यावर रुसलीये थोडी.