पंधरा कॅरेटची अंगठी

हल्ली दादरच्या मोठ्या सराफांकडे गेलात की 'अँटिक'चा वेगळा काउंटर दिसतोच. मखमलीवर मांडलेले तोडे, ठुश्या, माणकाच्या अंगठ्या गेल्या दिवाळीनंतर घडलेल्या असतात. वर काळपट-लालसर पॉलिश आणि घडणावळ जरा चढी. मला त्याचा राग येत नाही, कारण बिलावर सगळं स्वच्छ लिहिलेलं असतं. खड्यांची तपासणी हा माझा पोटापाण्याचा धंदा. झवेरी बाजारातल्या माझ्या टेबलावर अंगठी ठेवताना मात्र प्रत्येकाचा प्रश्न तोच असतो, "खरी जुनी आहे ना?" त्या प्रश्नाचं हो-नाहीत उत्तर देणं मी सोडून दिलंय.

पार्ल्याच्या एक काकू आल्या होत्या. त्यांचे आजेसासरे बोटीवर नोकरीला होते, त्यांनी विलायतेहून आणलेली अंगठी. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेलं की ही रोमन काळातली. तांबडा अकीक, त्यात खोल कोरलेला शिरस्त्राण घातलेला योद्धा, आणि खड्याच्या दोन्ही बाजूंना सोन्याचे बारीक दाणे. दिसायला अगदी रोमन. मी ती उलटी केली आणि पट्टीच्या आतून भिंग फिरवलं. बोटीच्या नांगराचा झिजलेला छाप, शेजारी १५ आणि .६२५.

नांगर म्हणजे बर्मिंगहॅमच्या सोनं-तपासणी कचेरीची खूण. इंग्लंडमध्ये ९, १२ आणि १५ कॅरेटला कायदेशीर मान्यता मिळाली १८५४ साली. त्यातले १२ आणि १५ बंद होऊन १९३२ मध्ये १४ आलं. म्हणजे अंगठी त्या मधल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांतली.

"म्हणजे नकली की काय गं?" काकूंचा चेहरा उतरला.

मी त्यांना विचारलं, सीएसएमटीला नकली म्हणता का? फ्रेडरिक स्टीव्हन्सने ते कमानी-कळसांचं गॉथिक काम केलं १८८० च्या दशकात. मूळ गॉथिक त्याच्या सहा-सातशे वर्षं आधीचं. रोज लाखो माणसं त्या कमानींखालून लोकल पकडायला पळतात, कुणी म्हणत नाही की स्टेशन खोटं आहे. राजाबाई टॉवरचंही तेच. आपलं अर्धं फोर्ट रिव्हायव्हल, म्हणजे जुन्या शैलीचं नव्याने केलेलं काम आहे, आणि ही अंगठी त्याच काळाची, त्याच डोक्यातून आलेली.

त्या काळी युरोपला जुन्याचं वेडच लागलं होतं. १८३६ मध्ये रोमजवळ चेर्वेतेरी इथे रोमनांच्या आधीच्या एट्रुस्कन लोकांचं एक न लुटलेलं थडगं सापडलं. आत इसवीसनापूर्वी सातव्या शतकातलं सोनं, आणि त्यावर इतके सूक्ष्म दाणे की नुसत्या डोळ्यांना मखमल वाटावी. रोममधला सोनार फोर्तुनातो पिओ कास्तेल्लानी आणि त्याची मुलं त्या दाण्यांच्या मागेच लागली. दाणे करणं अवघड नाही. अवघड आहे ते चिकटवणं. नेहमीचा झाळ (जोडासाठी वितळवायचा धातू) वापरला की तो वितळून दाण्यांच्या बुडाशी डबक्यासारखा साचतो. एट्रुस्कन कामात दाणा पत्र्याला जेमतेम एका बिंदूवर टेकलेला असतो. कास्तेल्लानींनी मार्के प्रांतातल्या सांत'अँजेलो इन वादो या डोंगरी गावातून पारंपरिक काम करणारे कारागीर रोमला आणले. काम सुंदर झालं, पण मूळच्या तोडीचं नाही. त्यामागचं रसायन एच. ए. पी. लिटलडेल या इंग्रजाने १९३३ साली पेटंट घेऊन मांडलं: तांब्याचा क्षार डिंकात कालवून दाणे चिकटवायचे आणि तापवायचे. डिंकाचा कोळसा होतो, त्याने क्षाराचं तांबं सुटतं, आणि ते टेकलेल्या जागीच सोन्यात मिसळतं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. आपल्याकडे याला रवाकाम म्हणतात. जुने सोनार गुंज पाण्यात उगाळून तिची खळ करायचे आणि ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक रवा उचलून बसवायचे. वजनालाही गुंज, चिकटवायलाही गुंज. युरोपात दागिने थडग्यात सुखरूप राहिले, पण ते घडवणारे हात हरपले. आपल्याकडे उलट. कसब टिकलं, दागिने गेले. आजीची बोरमाळ मोडून आईची पोत, पोत मोडून सुनेच्या बांगड्या. त्यामुळे मुंबईत मराठी घरातली दीडशे वर्षांपूर्वीची अंगठी माझ्या टेबलावर क्वचितच येते. येतात त्या बहुतेक पारशी घरांतल्या, किंवा अशा बोटीवरून आलेल्या, कारण कमी कॅरेटच्या म्हणून कुणी मोडीत घातल्या नाहीत. काकूंच्या अंगठीच्या दाण्यांखाली झाळ साचलेला स्पष्ट दिसत होता. मला त्यात दोष वाटत नाही. इतक्या लांबून, हात माहीत नसताना, कुणीतरी एवढी धडपड केली याचा तो पुरावा आहे.

लबाडी कुठे सुरू होते तेही सांगते. पोलिश राजपुत्र स्तानिस्लाव पोनियातोव्स्की याने अडीच हजारांच्या आसपास कोरीव खडे जमवले होते. त्यांवर ग्रीक कारागिरांच्या सह्या होत्या. त्याच्या मृत्यूनंतर १८३९ मध्ये लंडनला लिलाव झाला आणि तोवर बोभाटा झालेला होता की खडे त्याच्याच काळातले, सह्या मागाहून घातलेल्या. हाच खडा सहीशिवाय विकला असता तर कुणाची तक्रार नव्हती. कास्तेल्लानी मात्र आपल्या दागिन्यांवर एकमेकांत गुंतलेल्या दोन 'सीं'ची स्वतःची खूण ठोकायचे.

इजिप्तच्या तऱ्हेबद्दल फार लिहीत नाही. १९२२ च्या नोव्हेंबरात तुतनखामेनची कबर सापडल्यावर जो तो बोटात भुंग्याच्या आकाराचा इजिप्शियन खडा घालू लागला, आणि सुएझमार्गे येणाऱ्या बोटींवर पोर्ट सैदचे फेरीवाले 'अस्सल' भुंगे विकत. त्यातले काही मुंबईतही उतरले असणारच.

रंगीत खड्याच्या जुन्या विलायती अंगठ्या मात्र जपून घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून काचेवर गार्नेटची पातळ चकती वितळवून जोडलेले खडे निघाले. भिंग नसलं तरी चालेल: अंगठी पांढऱ्या कागदावर पालथी ठेवा, खडा कागदाला टेकू द्या आणि उजेडात बघा. निळ्या-हिरव्या खड्याच्या काठाभोवती लाल कडं उमटलं तर जोडखडा; लाल खड्यात ते उठून दिसत नाही. (कोंदण मागून बंद असेल तर हा प्रयोग फसतो.) आणि १९०२ मध्ये ऑग्युस्त व्हर्न्योयने कृत्रिम माणिक जाहीर केल्यानंतर तर पूरच आला. त्यात वाढीच्या रेषा वळणदार दिसतात. खाणीतल्या माणकात त्या सरळ असतात. 'आमच्या पणजीचं बर्मा माणिक' म्हणून आलेल्या खड्यात अशा रेषा दिसल्या की मी आधी चहा मागवते.

काकूंना गल्लीतल्या सराफाने सांगितलं होतं, पंधरा कॅरेट आहे, मोडीत घाला. त्यांनी घातली नाही. आता सुनेच्या बोटाला ती सैल होते. मी त्यांना लिहून दिलं: पट्टी छापाच्या जागेपासून लांब कापायला सांगा, आच लावण्याआधी अकीक काढून घ्या, बफ मारू देऊ नका, छाप पुसला जाईल. तुकडा जोडायची वेळ आलीच तर बावीसचा नको, रंग उठून दिसतो. कारागिराला पंधराचं मिश्रण करून घ्यायला सांगा. कुरकुर करेल, पण करेल.