दोरीपलीकडचे आईबाप

नॉर्वेतल्या लहान मुलांच्या फुटबॉलमध्ये एक नियम आहे. फोनवर सांगलीला कुणालाही सांगितला की समोरचा आधी हसतो. एखादा संघ चार गोलांनी मागे पडला, की त्याला एक खेळाडू जास्तीचा उतरवता येतो. पाच जणींविरुद्ध सहा जणी. फरक कमी झाला की सहावी परत बाहेर. माझा भाऊ म्हणाला, "म्हणजे चांगलं खेळणाऱ्यांना शिक्षाच की गं!" मला मात्र हा नियम भलताच आवडतो. चार-शून्य झालं की एरवी सामन्यातला जीव जातो. आघाडीवरच्या पोरी कंबरेवर हात ठेवून उभ्या राहतात, मागे पडलेल्या रडवेल्या होतात. इथे तेवढ्यात सहावी धावत आत येते आणि सगळ्यांनाच पुन्हा पळायला लागतं. माझी लेक दोन्ही बाजूंनी यातून गेली आहे. दोन्ही वेळा घरी येऊन तिची टकळी चालू होती ती त्या शेवटच्या काही मिनिटांबद्दल.

आम्ही स्टॅव्हँगरजवळ राहतो. नवरा तेलाच्या धंद्यात इंजिनिअर, मी एका शाळेत. समुद्रावरून येणारा पाऊस इथे आडवा पडतो आणि मुलं त्यातच खेळतात, त्याबद्दल कुणी काही बोलतही नाही. दर शनिवारी अण्णा व्हिडिओ कॉलवर नातीला विचारतात, "काय मग, जिंकलीस का?" ती म्हणते, "आजोबा, मोजत नाही आम्ही." हे अर्धसत्य आहे. मुलं मोजतात, अगदी चोख. कुणी किती मारले, कुणाचा खांबाला लागून परत आला, सगळं तोंडपाठ. मोजत नाहीत ती मोठी माणसं, कारण त्यांना तशी मुभाच नाही.

नॉर्वेच्या क्रीडा महासंघाने १९८७ साली लहान मुलांच्या खेळाचे नियम केले आणि २००७ साली त्यांना मुलांच्या हक्कांची जोड दिली. मूल ज्या वर्षी ११ वर्षांचं होतं त्याआधी निकालाच्या याद्या नाहीत, गुणतक्ते नाहीत, क्रमवारी नाही. राष्ट्रीय अजिंक्यपद वगैरे भानगडी १३ व्या वर्षापर्यंत बंद. १२ वर्षांपर्यंत बक्षीस द्यायचंच असेल तर सगळ्यांना द्या. कुठला खेळ खेळायचा, किती खेळायचा, हे मुलाने ठरवायचं. ही नुसती भिंतीवर लावायची सुविचारांची पाटी नाही, नियम मोडणाऱ्या क्लबवर कारवाई होऊ शकते. लहानांना शिकवणाऱ्या प्रत्येकाला, मग तो स्वतःच्या मुलीच्या टीमचा बाप का असेना, पोलिसांचा दाखला आणावा लागतो.

असे लाड केल्यावर मुलं मऊ पडतील, असं आपल्याला वाटतं. हा पंचावन्न-छप्पन लाख लोकांचा देश. २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ३९ पदकं नेली आणि २०२२ मध्ये बीजिंगला १६ सुवर्णं. पण पदकं सांगून हा विषय पटवायला मला आवडत नाही. बर्फ आहे, पैसा आहे, चांगल्या सोयी आहेत, कारणं बरीच आहेत. मला इथे बघण्यासारखं वाटलं ते दोरीच्या अलीकडचं.

दोरी खरोखरची असते. मैदानाच्या कडेने बांधलेली, पालकांनी तिच्यामागे उभं राहायचं. प्रत्येक सामन्याला एका पालकाला पिवळं जाकीट चढवून यजमान नेमतात. त्याचं काम म्हणजे पाहुण्या संघाचं स्वागत करायचं, आणि कुणी पालक आरडाओरडा करायला लागला की जवळ जाऊन हळूच सांगायचं. ओरडायला ना नाही, पण प्रोत्साहन दोन्ही संघांना द्यायचं. माझा नवरा टीव्हीवर क्रिकेट बघताना पंचांच्या सात पिढ्या उद्धरतो. त्याला हे जाकीट मिळालं त्या दिवशी मी मुद्दाम बघायला गेले. दोन तास माणूस हाताची घडी घालून, ओठ आवळून उभा. लेकीनं समोरचा गोल सोडून चेंडू बाहेर मारला तेव्हा त्याच्या गळ्यातून चमत्कारिक आवाज आला, पण शब्द काही बाहेर पडला नाही.

बाकीचे पालक काय करतात? राबतात. क्लबमध्ये पगारी माणूस क्वचित. कोच म्हणजे कुणाची तरी आई, कुणाचा तरी बाबा. गोलजाळ्या लावायच्या, रेषा आखायच्या, दुसऱ्यांची पोरं गाडीत घालून लांबच्या मैदानावर न्यायची, हंगामाच्या शेवटी मैदान झाडायचं. स्पॉन्ड नावाच्या ॲपवर कामाची पाळी येते आणि ती चुकवलेली चालत नाही. चालत नाही म्हणजे दंड होतो असं नव्हे, लोक काही बोलत नाहीत, आणि नॉर्वेजियन माणूस काही बोलत नाही तेव्हा त्याचा अर्थ तुम्हाला चांगलाच कळतो.

टपरीची पाळी मला सगळ्यात आवडते. क्लबहाउसच्या खिडकीत वॉफलची दोन यंत्रं धुमसत असतात, बादलीत पीठ, डाव घातला की चर्र आवाज, झाकण उघडलं की बदामाच्या आकाराच्या पाच पाकळ्या. वर स्ट्रॉबेरीचा जॅम नाहीतर तपकिरी चीज. माझ्या शेजारी पीठ ओतणारा गृहस्थ एका मोठ्या कंपनीत बऱ्याच वरच्या जागेवर आहे हे मला नंतर नवऱ्याकडून कळलं. त्याचा मुलगा खिडकीशी आला, बापानं त्याला रांगेत उभं केलं, पैसे घेतले आणि वॉफल दिलं. पोराला त्यात काही वावगं वाटलं नाही. तो बाप तिथे त्याच्या एकट्यासाठी नव्हताच.

टॉयलेट पेपर विकायचं काय ते मात्र मला अजून झेपत नाही. दौऱ्यासाठी पैसे उभे करायचे तर टीम संडासच्या कागदाचे भलेमोठे गठ्ठे मागवते आणि प्रत्येक घराला वाटून देते. मग विका शेजाऱ्यांना, ऑफिसात, भिशीत. आमच्या मराठी मंडळातल्या निम्म्या घरांची वर्षभराची बेगमी आमच्या लेकीच्या फुटबॉलवर झाली आहे. दिवाळीच्या फराळाला आलेल्या पाहुण्यांना निघताना करंज्यांचा डबा आणि गठ्ठा, दोन्ही. लेक हिशोब ठेवते, पैसे गोळा करते. अनोळखी माणसाच्या दाराची घंटा वाजवून तिसऱ्याच भाषेत आपलं म्हणणं मांडायचं धैर्य तिला मैदानावर आलं नाही, या गठ्ठ्यांनी आलं.

हे सगळं बघताना मला माझ्या आजोबांच्या गोष्टी आठवतात. ते तरुणपणी कोल्हापूरच्या एका तालमीत होते. त्यांच्या गोष्टींत कुस्त्या कमी, माती जास्त. पहाटे उठून हौद्यातली माती फावड्याने उकरायची, ढेकळं फोडायची, ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मुरवायची. नव्या पोरानं आधी हेच करायचं, आणि त्या मऊ केलेल्या मातीवर आधी उतरणार ते मोठे पैलवान. वस्ताद नात्याचे नसायचे, पण पोरगं आजारी पडलं तर दूध घरी पोचायचं. खाशाबा जाधवांचं घ्या. कराडजवळच्या गोळेश्वरचे, वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यांनीच लहानपणी डाव शिकवले. १९४८ ला लंडनमध्ये सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नाहीत. गावानं वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. ब्रॉंझ मिळालं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आपल्याकडे ही गोष्ट खाशाबांच्या जिद्दीची म्हणून सांगतात, ती आहेच. पण दुसऱ्याच्या पोरासाठी घर गहाण टाकणारा मास्तर बघून त्या कॉलेजातली बाकीची पोरं काय शिकली असतील, ते कुणी विचारत नाही.

मी स्वतः शाळेत खो-खो खेळले. आठ जणी एकाआड एक उलट्या तोंडानं बसलेल्या, नववी पाठलागावर. तिला मागे वळता येत नाही, मधली रेषा ओलांडता येत नाही. बसलेलीला खो मिळाल्याशिवाय उठता येत नाही. पंजे रोवून, टाच उचलून, मान वळवून तयार बसायचं आणि कधी कधी अख्ख्या डावात तुमच्यापर्यंत खो येतच नाही. मी बरेचदा अशीच बसून राहिलेली असे. गडी बाद झाला की टाळ्या शेवटी हात लावणारीला, पण धावणारीला खांबाकडे रेटत आणलेलं असतं आधीच्या चौघींनी, आणि ते त्या नऊ जणींना पक्कं ठाऊक असतं. ऑफिसच्या मीटिंगांमध्ये मला याचा जितका उपयोग झाला तितका बी.एड.चासुद्धा झाला नाही.

आमच्या घरचं कुणी सामना बघायला आलं नाही. त्याचं दुःख मला तेव्हाही नव्हतं. आईला ते माझं स्वतःचं राज्य वाटायचं, असं मला आता वाटतं. गुडघा फुटला की हळद लावायची, कसा फुटला ते विचारायची नाही. मग दहावीचं वर्ष आलं. कुणी बंदी घातली नाही. क्लासची वेळ आणि सरावाची वेळ एकच होती, एवढंच. ज्या मैत्रिणी पुढच्या पातळीवर खेळल्या त्यांना दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळाले, त्या गुणांवर कॉलेज मिळालं, आणि कॉलेज मिळाल्यावर त्यांचाही खेळ सुटला.

इथेही सुटतो, बरं का. नव्वद टक्क्यांहून जास्त मुलं कधी ना कधी एखाद्या क्लबात असतात, पण पंधरा-सोळाच्या आसपास गळती मोठी आहे. बाहेरून आलेल्या कुटुंबांच्या मुली तर आधीपासूनच कमी. फी वाढत चालली आहे, स्की आणि बूट दरवर्षी लहान होतात. 'बुआ' नावाची साहित्य उसनं देणारी केंद्रं आहेत, जुन्या सामानाचे बाजार भरतात, लॉटरीच्या तिकिटाचा ७ टक्के हिस्सा आपल्या आवडीच्या क्लबला देता येतो. तरी ज्या घरात दोन्ही पालक पाळीवर कामाला जातात आणि गाडी नाही, त्यांना या श्रमदानाच्या जगात शिरणं सोपं नाही. पालकांच्या हातांवर चाललेली व्यवस्था हाताशी सवड असलेल्या घरांनाच मानवते, हे इथल्या लोकांसमोर मी एकदा बोलले तेव्हा एक-दोघांनी माना डोलावल्या.

कुटुंब जवळ असलं की सगळं गोडच होतं असंही नाही. इथून थोड्या अंतरावर ब्रिने गाव आहे, अर्लिंग हालांड तिथे वाढला. वडील व्यावसायिक फुटबॉलपटू, आई ॲथलीट. पोरगं हँडबॉल, स्की, मैदानी खेळ सगळं करत वाढलं आणि चाळीसेक मुलांच्या एकाच गटात, कुणाला वेगळं न काढता, शिकलं. बीच व्हॉलीबॉलचा ऑलिंपिक विजेता आंदेर्स मोल याचा कोच त्याचा बापच. स्कीच्या योहान्नेस क्लेबोला तर आजोबांनी घडवलं. ही उदाहरणं लोक कौतुकानं देतात. मग शेजारच्याच सान्नेसचं इंगेब्रिग्त्सेन घराणं येतं आणि बोलणं थांबतं. तीन भाऊ धावपटू, वडीलच प्रशिक्षक, टीव्हीवर त्यांच्यावर मालिका झालेली. २०२३ साली तिघा भावांनी जाहीर लिहिलं की वडिलांनी त्यांना धाकात आणि मारझोडीत वाढवलं. वडिलांनी आरोप नाकारले. २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांना बहुतेक आरोपांतून मोकळं केलं आणि मुलीला टॉवेलने मारल्याबद्दल तेवढं दोषी धरलं. त्या तिघांतल्या याकोबची ऑलिंपिक सुवर्णपदकं जागच्या जागी आहेत. खटल्याच्या दिवसांत आमच्या क्लबात त्यावर फारसं कुणी बोललं नाही, पण दोरीमागची माणसं नेहमीपेक्षा एक पाऊल मागे उभी होती. निदान मला तरी तसं दिसलं.

आमचा थोरला चौदा वर्षांचा. त्यानं फुटबॉल सोडला आणि नकाशा-होकायंत्र घेऊन जंगलात पळायचा खेळ धरला. नवऱ्याला वाईट वाटलं, पण ठरवायचं पोरानं. मात्र इथे तेराव्या वर्षापासून क्लबचा रेफरी होता येतं. छोटं प्रशिक्षण, मग लहानांचे सामने, आणि सामन्यामागे मानधन. ते पैसे त्याला हवे होते, म्हणून तो शिकला. गेल्या हंगामात आठ-नऊ वर्षांच्या पोरांच्या एका सामन्यात पाहुण्या संघाच्या एका बाबांनी चेंडूला हात लागल्यावरून आवाज चढवला. थोरल्यानं शिट्टी वाजवून खेळ थांबवला, यजमान बाईंना बोलावलं, त्या बाबांशी त्या बोलेपर्यंत चेंडू पायाखाली धरून पोरांना पाणी प्यायला सांगितलं, आणि जिथे थांबवला होता तिथून सामना सुरू केला. रात्री जेवताना मी विचारलं तेव्हा त्याची तक्रार वेगळीच होती. रेषा कुणी आखल्या होत्या, त्या वाकड्या होत्या म्हणे. पाळी कुणाची होती ते त्यानं ॲपवर जाऊन बघितलं होतं. आमचीच निघाली.