दू, थ, झ, ञ

भाचीला मुलगा झाला आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पेढ्यांच्या फोटोआधीच फर्मान आलं, 'नावं सुचवा. उत्तराभाद्रपदा नक्षत्र आहे.' पंचांग काढलं. या नक्षत्राच्या चार चरणांची अक्षरं दू, थ, झ आणि ञ. दू वरून दुष्यंत आठवला, पण तो बायकोला विसरलेला. थ वरून आपल्याला थालीपीठ सोडून काही सुचत नाही. झ वरून झुंबर. आणि ञ? आर्द्रेच्या वाट्याला ङ आलाय, हस्ताच्या वाट्याला ण. ही अडचण जुन्या जोतिषांनाही कळत होती, म्हणून त्यांनी पळवाट ठेवली: ङ आला तर ग धरा, ञ आला तर ज, ण आला तर ड. शास्त्र लिहिणाऱ्यालाही शेवटी बारसं उरकायचंच असतं.

भाचीच्या अटी अर्थात याहून कडक होत्या. नाव छोटं हवं, वेगळं हवं, परदेशात कुणाची जीभ अडखळू नये आणि मुख्य म्हणजे अर्थ 'छान' हवा. मग सगळे वेबसाइटवर तुटून पडले. तिथे एक गंमत दिसते. या वेबसाइटवर कुठल्याही नावाचा अर्थ वाईट नसतो. सूर्याचा किरण, विष्णूचा अंश, देवाची कृपा, शांत, तेजस्वी. आरव म्हणजे म्हणे शांत! संस्कृत कोशात आरव म्हणजे आवाज, ओरडा. रात्री दोन वाजता घर डोक्यावर घेणाऱ्या बाळाला कोशातलाच अर्थ शोभतो म्हणा. श्रेयांश आता खूप आहेत. मूळ श्रेयांस, म्हणजे जैनांचे अकरावे तीर्थंकर. त्याच्या शेपटीचा 'अंश' झाला आणि मग शिवांश, वेदांश, देवांश अशी रांगच लागली. रेयांशमध्ये तर मला इंग्रजीतला किरण आणि संस्कृतातला अंश एकाच पाटावर बसलेले दिसतात. मायराची कथा आणखी न्यारी: फुल्क ग्रेव्हिल नावाच्या जुन्या इंग्रज कवीने आपल्या कवितांसाठी हे नाव घडवलं, आणि आता ते आमच्या सोसायटीच्या बागेत घसरगुंडीवरून खाली येतं.

मला यातलं काही खटकत नाही. पण आमच्या आजोबांच्या पिढीत अर्थ विचारायची पद्धतच नव्हती. 'का ठेवलं' हे मात्र गावाला ठाऊक असे. धोंडू म्हणजे दगड हे काय कुणाला सांगायला हवं? आधीची दोन-तीन मुलं गेलेली असत. मग पुढच्याला दगडू, धोंडू, केरबा, उकिरडा म्हणायचं, म्हणजे मृत्यूला वाटावं की ही काही नेण्याजोगी वस्तू नाही. कोंड्याच्या मोलाने दुसऱ्याकडून 'विकत' घेतलेला कोंडू, भीक मागून मिळालेला भिकू, मुलगी भासावी म्हणून नाक टोचलेला नथू. पोराला वाचवण्यासाठी आईबाप यमाशी चक्क खोटं बोलत होते. आता शाळेत त्या पोराला हसतील, ही चिंता फार पुढची. आधी तो शाळेपर्यंत पोचायला हवा. दर धोंडूमागे हीच कथा असते असंही नाही. अधिक महिन्याला धोंड्याचा महिना म्हणतात, त्यात जन्मला म्हणूनही धोंडू. महर्षी कर्वे, धोंडो केशव, १८५८ मध्ये जन्मले आणि १९६२ पर्यंत जगले. कारण कुठलंही असो, नाव टिकाऊ निघालं.

नकुशी मात्र या रांगेत बसत नाही. धोंडू नाव हवा असलेल्या मुलाला मिळे, नकुशी नको असलेल्या मुलीला. इथे खोटं नव्हतं, खरंच होतं ते. २०११ साली सातारा जिल्ह्यात अडीचशेहून जास्त नकुशींचं समारंभाने नव्याने नामकरण झालं. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली. बारशाला नाव आत्या ठेवते. या मुलींनी स्वतःच स्वतःच्या आत्या होऊन घेतलं.

नवसाची नावं वेगळी. मालोजी भोसल्यांनी नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला म्हणून मुलं शहाजी आणि शरीफजी, असं परंपरा सांगते. नातवाचं नाव शिवनेरीच्या शिवाईवरून. जोतिबाच्या यात्रेच्या दिवशी जन्मले म्हणून फुले जोतीराव. मिलिंद आमच्या पिढीत गल्लोगल्ली. तो दोन वाटांनी आला. एक संस्कृतातला भुंगा. दुसरा 'मिलिंदपञ्हो' या पाली ग्रंथातला राजा, नागसेन भिक्खूला प्रश्न विचारणारा, मूळचा ग्रीक मिनँडर. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला हेच नाव दिलं. एकाच बाकावरच्या दोन मिलिंदांपैकी एक भुंगा आणि दुसरा ग्रीक असू शकतो, आणि हजेरी घेणाऱ्या बाईंना त्याचा पत्ता नसतो. (ञ ने सुरू होणारं नाव मिळेना, पण मधोमध ञ असलेला ग्रंथ तेवढा सापडला!)

मुलींच्या पाळण्यातल्या नावाची तर मुदतच लग्नापर्यंत. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं. कल्याणची यमुना गोपाळराव जोश्यांशी लग्न होऊन आनंदी झाली, पुढे डॉक्टर झाली. त्याच काळातली दुसरी यमुना न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी रमाबाई झाली. मनकर्णिका तांबे झाशीला जाऊन लक्ष्मीबाई झाली आणि मनकर्णिका गोखले नारायण वामन टिळकांच्या घरात तीच लक्ष्मीबाई. चौघी कर्तबगार, आणि चौघींची मूळ नावं आपल्याला तळटीपेत शोधावी लागतात.

आमची आजी कागदोपत्री सरस्वती. भाऊबीजेला तिचे भाऊ यायचे आणि ओसरीवर पिशवी टेकवायच्या आधीच हाक मारायचे, 'द्वारके!' आजी पिठाच्या हातांनीच बाहेर यायची. एरवी तिला चार हाका माराव्या लागत, गुडघ्यांची तक्रार असे. त्या हाकेला मात्र ती उंबरा ओलांडून कधी आली ते कळायचंही नाही. आम्ही मुलं बरीच वर्षं समजत होतो की द्वारकी म्हणून कुणी वेगळी बाई आहे आणि ती दिवाळीतच येते.

आणि एवढा खटाटोप करून नाव ठेवलं तरी घर ते वापरेलच असं नाही. टिळकांचं नाव केशव. घरात बाळ म्हणत, तेच राहिलं आणि पुढे लोकमान्यही झालं. बाबा आमट्यांचं मुरलीधर असंच 'बाबा'खाली झाकलं गेलं. आमच्या शेजारचे पिंट्याकाका बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाले. पासबुकावरची सही पाहीपर्यंत त्यांचं नाव प्रभाकर आहे हे मला माहीत नव्हतं. गेल्या वर्षी त्यांना नातू झाला. अ‍ॅप, पत्रिका, अंकशास्त्र सगळं धुंडाळून सुनेने त्याचं नाव अद्वय ठेवलं, बारशाच्या केकवर सोनेरी अक्षरांत लिहून आणलं. सगळी सोसायटी त्याला छोटा पिंट्या म्हणते, आणि परवा पाहिलं तर सूनही.