टक्क्यांचा रकाना

बीएस्सी ॲग्री झालेल्या पोरांना आमच्याकडं दोनच धंदे उरतात. एक म्हणजे कृषी केंद्राच्या काउंटरवर उभं राहून तणनाशक विकणं आणि दुसरा म्हणजे एमपीएससीचा अभ्यास चालू आहे असं सांगणं. मी दुसरा धंदा चार वर्षं केला. २०२३ च्या जुलैअखेर एका मित्राचा फोन आला, पीक विम्याच्या सर्वेला पोरं पाहिजेत. गाडी आपली, पेट्रोल आपलं, मोबाईल आपला आणि एका फॉर्ममागं चाळीस रुपये. कंपनी वेगळी, कंपनीनं नेमलेली एजन्सी वेगळी आणि एजन्सीचा तालुक्यातला माणूस आणखी वेगळा. त्यानं दिलेल्या ओळखपत्रावर फोटोची जागा रिकामी होती. फोटो मीच डिंकानं चिकटवला, आणि तो पहिल्याच आठवड्यात घामानं निघून गेला.

मला आर्णी तालुक्यातली गावं मिळाली. २२ जुलैला यवतमाळ जिल्ह्यात पाऊस कसा पडला होता हे इकडच्या माणसाला सांगायची गरज नाही. शेजारच्या महागाव तालुक्यात आनंदनगरच्या लोकांसाठी हेलिकॉप्टर बोलवायची पाळी आली होती. त्यात एका रुपयात पीक विमा मिळण्याचं ते पहिलंच वर्ष, त्यामुळं विमा काढला नाही असा शेतकरी शोधावा लागे. पीक बुडालं की बहात्तर तासांच्या आत ॲपवर किंवा फोनवर कळवायचं, मग सर्वेवाला येणार. ज्या पावसात लाईन गेली आणि टॉवर बंद पडला, त्याच पावसात बहात्तर तास मोजायचे. तरी लोकांनी टेकडीवर चढून, आर्णीला भाच्याला फोन करून नोंदी केल्या होत्या.

नियमानं सर्वे दहा दिवसांत व्हायला पाहिजे होता. मी वावरात पोचेपर्यंत कुठं कुठं वीस-बावीस दिवस उलटलेले. आणि त्या ऑगस्टमध्ये पावसानं अशी दडी मारली, की १९०१ पासून देशात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. म्हणजे मी कागदावर ‘शेतात पाणी साचल्यामुळे नुकसान’ लिहीत होतो आणि पायाखाली काळ्या जमिनीला भेगा पडल्या होत्या. धुऱ्यावर उभं राहिलं तर वावर हिरवंगार दिसायचं. आत उतरून हात लावला की कळायचं, ते तण आहे. मधलं सोयाबीन ओढलं की सहज हातात यायचं, मूळ भिजल्या सुतळीसारखं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, तर पाण्यात टिकली आणि नंतरच्या कडक उन्हात एका दिवसात माना टाकून गेली. पुस्तकात त्याला ‘आकस्मिक मर’ म्हणतात. नुकसान किती टक्के, हे तुम्ही कुठं उभं राहून पाहता यावर होतं.

शिव्या रोजच्याच. ‘बोंडं फुटल्यावर आले असते’, ‘फोटो काढाले आलं पोट्टं’. एका म्हाताऱ्यानं मला बैलाच्या कानात सांगितल्यासारखं हळूच सांगितलं, ‘बापू, तू दुसरं काही काम पाय.’ शिव्यांची मला सवय झाली. खरं सांगायचं तर त्या घेताना बरं वाटायचं, कारण मी काय करत होतो ते मला माहीत होतं.

फॉर्ममध्ये शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, पीक, पेरणीची तारीख, कारण असं सगळं असायचं. खाली एक रकाना असायचा: नुकसानीची टक्केवारी. त्याच्याखाली शेतकऱ्याची सही, कृषी सहायकाची आणि माझी. एजन्सीच्या तालुक्याच्या साहेबानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ‘बाकी सगळं पेननं भर. टक्के कोरे ठेव, पेन्सिलनंही लिहू नको. ते वरून भरते.’ मी विचारलं नाही वर म्हणजे कुठं. आणि दोन आठवडे मी कोऱ्या रकान्याखाली लोकांच्या सह्या घेतल्या. कोणी विचारलंच तर ‘मग लिहितो’ म्हणायचो. फोटोंत सगळं आहे, काळजी करू नका, असंही म्हणायचो. चाळीस रुपये.

त्याच आठवड्यात रात्री बाबांचा फोन आला. आमचं वावर कारंजा तालुक्यात, अडाणच्या काठी. बाबा खुशीत होते. ‘आज सर्वेवाला आला होता आपल्या इथं. चांगलं पोरगं होतं. चाय पाजला.’ मी विचारलं, टक्के किती लिहिले? बाबा म्हणाले, ‘तो म्हणे मंग लिहितो.’

मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीला किक मारली आणि पुन्हा आर्णीकडं निघालो. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढं जे घडलं त्याचं श्रेय कोणी मला देऊ नये.

१४ ऑगस्ट, सोमवार. अरुणावतीच्या नाल्याकाठचं गाव, नाव राहू द्या. दोन दिवसांत तिथले सेहेचाळीस फॉर्म सह्या होऊन माझ्या बॅगेत होते, आठ-दहा उरले होते. बारावीत शिकणाऱ्या एका पोरानं बापाची सही होताच फॉर्मचा फोटो काढला. मग त्यानं तो बोटांनी मोठा करून पाहिला.

‘सर, हे खाली काऊन खाली हाय?’

‘ते ऑफिसात भरतात.’

‘वावर आमचं, नुकसान आमचं, अन् भरते ऑफिसात?’

पोरगं ओरडलं नाही, पण पाच मिनिटांत वीस माणसं जमा झाली. कोणीतरी माझी बॅग घेतली. फॉर्म एक एक करून पाहिले गेले. सेहेचाळीसच्या सेहेचाळीस कोरे. मला वाटलं आता मार पडतो. तसं काही झालं नाही. मला ग्रामपंचायतीच्या खोलीत बसवलं आणि बाहेरून कडी लावली.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन. खोलीत चुन्याची बादली, झेंड्याची नवी दोरी आणि कोपऱ्यात पाटीभर पताका होत्या. बाहेर शाळेची पोरं कवायत करत होती. अर्धा तास मी ‘एक साथ सावधान’ ऐकत बसलो. खिडकीतून एक मावशी डोकावल्या आणि मागं वळून म्हणाल्या, ‘धोंड्याचा महिना हाय बाप्पा, जावयाले काही खाऊ घाला.’ अधिक महिना संपायला दोन दिवस होते. सगळे हसले. मीही हसलो असेन.

मग कडी निघाली आणि एक निवृत्त गुरुजी आत आले. त्यांच्यामागं अख्खं गाव. गुरुजींनी खुर्ची ओढली. ‘शिक्षण काय झालं?’ सांगितलं. ‘मंग टक्के काढता येते का तुले?’

‘येतात.’

‘काढ मंग. इथं, सगळ्याईसमोर.’

मी म्हटलं कृषी सहायक मॅडमशिवाय चालणार नाही. त्यांना फोन लावला. त्यांच्याकडं डझनभर गावं, वरून तलाठ्यांबरोबरचे सरकारी पंचनामे. तरी तासाभरात स्कूटीवर आल्या. आत आल्या, फॉर्म पाहिले आणि माझ्या शेजारी बसताना इतकंच पुटपुटल्या, ‘बरं झालं कोंडलं.’

मला वाटलं होतं आता सगळे शंभर टक्के मागतील. पहिल्या तीन-चार नावांना तसंच झालं. मी मोबाईलवरचे फोटो दाखवत होतो, मॅडम आकडा सुचवत होत्या, मालक हुज्जत घालत होता. मग एकाला साठ टक्के मिळाले आणि मागून आवाज आला, ‘याले साठ तं मले पंचेचाळीस कसे? त्याचं वावर माह्या वर हाय. पाणी खाली येते का वर जाते?’ तिथून कामाची रीतच बदलली. गावानं नकाशा मनातल्या मनात उलगडला. आधी नाल्याला लागून असलेली वावरं, मग तलावाखालची, मग मधली, शेवटी उंचावरची मुरमाड बरड. कोणाच्या वावरात पाणी किती दिवस तुंबलं, कोणी चर काढला होता, कोणाचं पीक आधीच पिवळं पडलं होतं, सगळं बाहेर आलं. एकाला त्याच्या सख्ख्या भावानं वीस टक्क्यांनी खाली आणलं. तीन वर्षांत ते दोघं पहिल्यांदा एकमेकांशी बोलत होते, असं नंतर कोणीतरी सांगितलं.

गावातल्या एका वजनदार माणसाचा फॉर्म निघाला. वावर बरडावर. कोणी काही बोलेना. शेवटी तीच खिडकीतली मावशी म्हणाली, ‘बरडावर पाणी कवापासून तुंबते जी?’ त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाले, ‘लिही पंधरा.’ इतका खरा आकडा त्या हंगामात मी दुसरा लिहिला नाही.

सगळ्यात वाईट वेळ आली ती मावशींच्या फॉर्मची. दोन एकर, नाल्याला चिकटून. मी फोटो उघडला. पीक नव्हतंच. मातीही नव्हती. पुरानं वरचा थर खरडून नेला होता आणि खालचे गोटे उघडे पडले होते.

‘गोट्याचे किती टक्के?’ मावशींनी विचारलं.

शंभर लिहिले. पण मग मला सांगावं लागलं की विमा फक्त पिकाचा असतो, मातीचा नाही. जमीन खरडली त्याचा पंचनामा तलाठी करतो, ती सरकारी मदत निराळी. पीक गेलं त्याची सरकारी मदत कोरडवाहूला हेक्टरी साडेआठ हजार, तीही निराळी. लोक या तिन्ही कागदांना एकच समजत होते, आणि समजावून सांगायचे पैसे कोणालाच मिळत नव्हते. मग मी तेही सांगून टाकलं जे सांगायची मनाई होती. शंभर टक्के म्हणजे विम्याची पूर्ण रक्कम नाही. पीक महिन्याभराचं असताना बुडालं, तर तोवर जेवढा खर्च झाला असं धरतात, त्यावर हे टक्के लागतात.

खोली शांत झाली. ‘म्हणजे शंभर म्हणजे शंभर नाही,’ तो बारावीचा पोरगा म्हणाला.

गुरुजी चष्मा पुसत होते. ‘आम्ही तं असं गणित शिकवलं नव्हतं बा.’

दुपारी पोळी आणि आलू-वांग्याची भाजी आली, वर दोन अनारसे. जावई म्हटल्यावर अनारसे आलेच. सातच्या सुमारास सेहेचाळीस फॉर्म पुरे झाले. प्रत्येक आकड्यापुढं मालकानं तोच आकडा अक्षरी लिहिला, ज्याला लिहिता येत नव्हतं त्याच्यासाठी पोरांनी. प्रत्येक फॉर्मचा फोटो गावाच्या ग्रुपवर गेला. मला सोडलं. बाहेर येऊन पाहतो तर गाडीच्या दोन्ही चाकांतली हवा गेलेली. ते काम कोणी केलं ते गावाला माहीत होतं, पण तेवढं एक कोणी बोललं नाही. पंप आणायला मात्र चार जण धावले.

रात्री तालुक्याच्या साहेबाचा फोन. ‘कोणाच्या परवानगीनं भरले?’

‘लोकांनी कोंडून जबरदस्तीनं भरून घेतले.’

हे शंभर टक्के खरं होतं. साहेब दोन मिनिटं शिव्या देत राहिला, मग म्हणाला, ‘मारलं तं नाही ना?’ आणि विषय संपला. फोन ठेवल्यावर मी अंधारात बराच वेळ गाडीवर बसून राहिलो. कोंडलं गेल्यावर सगळंच माफ असतं, हे मला त्या दिवशी कळलं होतं.

पुढच्या गावात मी पहिल्या दिवशी शाळेत शिकणारं एखादं चुणचुणीत पोरगं हेरलं आणि सहज बोलल्यासारखं म्हणालो, ‘फॉर्मचा फोटो काढून ठेवत जा. खालपर्यंत नीट पाहत जा.’ संध्याकाळी मी समाजमंदिरात कोंडलेला होतो. त्याच्या पुढच्या गावात पाण्याच्या टाकीखाली घेराव. तिसऱ्या गावानं फक्त चावी काढून घेतली, तेवढ्यावरही भागलं. चौथ्या गावात मीच थोडा घाई करत होतो आणि लोक भलतेच सज्जन निघाले. ते कोंडायलाच तयार होईनात. शेवटी त्या पोराला बाजूला घेऊन सांगावं लागलं, ‘अरे, आवाज तं करा.’ मी त्या नोकरीत आणखी महिनाभर टिकलो तो असा. सकाळी निघताना डब्यासोबत एक जास्तीचं पेन आणि पुस्तक घ्यायचो, म्हणजे कडी लावल्यावर वेळ जावा.

पाचव्या वेळी साहेबाला संशय आला. ‘सगळे तुलेच कसे कोंडते बे?’ मला फिल्डवरून काढून फोटो चढवायच्या कामाला बसवलं आणि महिन्याअखेर तेही संपलं. शेवटच्या अकरा दिवसांचे पैसे अजून यायचे आहेत.

सप्टेंबरात सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला. विदर्भात वावरंच्या वावरं पिवळी पडली. बाबांचा फोन आला, ‘पुन्हा सर्वेवाला येणार म्हणते.’

मी म्हटलं, ‘बाबा, आला की चाय पाजा. अन् फॉर्म भरल्याबिगर जाऊ देऊ नका. कोठ्यात कोंडा त्याले.’

बाबा जरा वेळ गप्प राहिले.

‘पाहुण्याले कोंडते काय बे कोणी,’ ते म्हणाले.