टायरचा भुगा: डांबरात आणि काँक्रीटमध्ये

जुने टायर उघड्यावर जाळलेले पाहिले की जीव तळमळतो. १९६० च्या दशकात ॲरिझोनातील फिनिक्स शहराचे अभियंता चार्ल्स मॅकडोनाल्ड यांनी टायरचा भुगा तापलेल्या डांबरात मिसळला. रबराचे कण डांबरातील तेलकट अंश शोषून फुगतात आणि मिश्रण दाट व लवचीक होते.

काँक्रीटमध्ये मात्र रबर पाण्याला दूर सारते, सिमेंट त्याला नीट धरत नाही आणि वाळूऐवजी भुगा वाढवत नेला की दाब सोसण्याची ताकद झपाट्याने घटते; कण आधी कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात भिजवून धुतल्यास पकड काहीशी सुधारू शकते. तरीही इमारतीच्या खांबांत तो घालू नये, असे माझे ठाम मत आहे. पदपथाच्या फरशांसारख्या हलका भार पेलणाऱ्या कामांत तो जरूर वापरावा, कारण तडा गेल्यावरही असे काँक्रीट सहसा एकदम विखुरत नाही.